न घेतलेला तास

जयसिंगपूरच्या मगदूमांकडे पाहुणा आला की चहाबरोबर एक गोष्ट हमखास मिळायची. सुमतीबाई ती सांगायच्या, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या. "बोर्डानं आमच्या श्रेणिकला प्रत्येक पेपराला तासभर जादा दिला होता. पण आमच्या पोरांनी एक मिनिट घेतलं नाही. दहावीला नाही, बारावीला नाही. सगळ्यांच्या बरोबरीनं पेपर देऊन बाहेर. मी गेटपाशी उभी असायची की."

पाहुणा कौतुकानं मान डोलवायचा. मग सुमतीबाई भिंतीवरच्या लॅमिनेशन केलेल्या कात्रणाकडे बोट करायच्या. श्रेणिकचा बारावीचा निबंध, 'पूर ओसरल्यावर'. मराठीच्या बाईंनी हौसेनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती आणि गावच्या साप्ताहिकानं तो निबंध छापला होता. तो वाचून होईस्तोवर पाहुण्याचा चहा थंड झालेला असायचा.

श्रेणिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बाळंतपणात उशीर झाला, मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही, आणि हातपाय नि जीभ कायमची हट्टी झाली. डोकं मात्र लख्ख होतं. खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक शब्द तो वर आणायचा. परक्याला ते नुसतं गुरगुरणं वाटायचं. समजायचं ते पद्मजाला, त्याच्या पाठच्या बहिणीला. दुकानात, दवाखान्यात, शाळेत तो वाक्य सुरू करायचा आणि ती पुरं करायची. दोघांचं मिळून एकच तोंड आहे, असं शेजारीपाजारी म्हणायचे, आणि दोघांनाही ते आवडायचं. निदान पद्मजाला तरी आवडायचं.

स्वतःच्या हातानं लिहू न शकणाऱ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. परीक्षार्थी सांगतो, लेखनिक लिहितो. लेखनिकानं आपल्या पदरचं घुसडू नये म्हणून तो एक इयत्ता खालचा असावा, असा नियम. पद्मजा बरोबर एक इयत्ता खाली होती. बाकीच्यांचे आईबाप लेखनिकासाठी दारोदार फिरायचे, आणि मगदूमांच्या तर घरातच तो होता.

बारावीला श्रेणिकला मराठीत ऐंशीपैकी शहात्तर मिळाले, कॉलेजात पहिला. त्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत लांबच्या काकांनी हसत हसत विचारलं, "मार्क कुणाचे म्हणायचे गं पद्मे, त्याचे का तुझे?" पंगत हसली. श्रेणिकही हसला, एकदा हसू आलं की त्याला ते आवरायला वेळ लागायचा. पण त्याचे कान लालबुंद झालेले पद्मजानं बघितले. सतरा वर्षांच्या त्या पोरीनं तिथंच, ताटावर बसल्या बसल्या ठरवलं, की एक दिवस या सगळ्यांची तोंडं बंद करायची. एकदा ठरवलं की ती मागं हटणाऱ्यातली नव्हती. हटली असती तर बरं झालं असतं, पण ते पुढचं.

ती मेंदूविज्ञान शिकली, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत लागली, आणि नऊ वर्षं एकाच प्रश्नाच्या मागं होती. एखादं वाक्य माणसानं स्वतः घडवलं की नुसतं ऐकलं, हे त्याच्या मेंदूलाच विचारता येईल का?

येतं, असं निघालं. आपण वाक्य बोलतो त्याआधी मेंदू ते जुळवतो. जीभ, ओठ, घसा हलवणारा भाग त्याची तालीम करतो. त्या तालमीचा ठसा मागं राहतो. पुढं कधी तेच वाक्य कानावर पडलं, तर हा भाग शब्द ऐकू यायच्या आधीच, साधारण पाव सेकंद आधी, त्याच्या तयारीला लागतो. दुसऱ्याचं वाक्य शंभरदा ऐकून पाठ झालं, तर ऐकण्याचा भाग पुढचं ओळखतो, पण ओठ-जिभेचा भाग थंड राहतो. आपल्या घरात अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. दुसऱ्याच्या घरी कितीदा गेलं तरी भिंत चाचपावी लागते. तसं ते.

पद्मजाच्या कापडी पट्ट्यात चाळीस संवेदक होते. तो कपाळावरून कानांमागं बांधायचा, यंत्राच्या कोऱ्या आवाजात उत्तरपत्रिका ऐकवायची, आणि पडद्यावरची रेघ शब्दाच्या आधी उठते का ते बघायचं. शंभरातली किती वाक्यं स्वतःची, तो आकडा म्हणजे उगमांक. ठसा ताजा असला की रेघ टोकदार उठते, वीस वर्षं जुना असला की पसरट, पण उठते. आणि ज्याला बोलायला कष्ट पडतात त्याचा ठसा इतरांपेक्षा खोल असतो. हे शेवटचं हाती लागलं तेव्हा पद्मजा प्रयोगशाळेचं दार लावून रडली होती. यंत्र दादाच्या मापानंच बेतल्यासारखं झालं होतं.

सरकारनं ते उचलून धरलं. अपंगांच्या सवलतींवरून कित्येक वर्षं चिखलफेक चालली होती. कुणाचा लेखनिक खरा, कुणाचा खोटा, यावर कोर्टकज्जे व्हायचे. आता लेखनिक घेणाऱ्या प्रत्येकाची तपासणी होणार होती. नियम करणाऱ्या समितीवर पद्मजाच होती. उगमांक किमान साठ, ही अट तिची. एक परीक्षा बाद झाली की तिच्यावर उभ्या सगळ्या पदव्या बाद, या कलमालाही तिनं मान डोलावली. जुन्या लोकांना सक्ती नाही, मात्र जो आपणहून येईल त्याला निकाल बंधनकारक. "ढिला नियम ठेवला तर लोक पुन्हा बोलणारच," ती बैठकीत म्हणाली होती. कडक नियमातून पार झालेल्या माणसाकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही, असा तिचा हिशेब होता.

शनिवारी दुपारी ती पट्टा घेऊन घरी आली. श्रेणिक आता छत्तीस वर्षांचा होता, सांगलीच्या एका कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक, राखीव जागेवर लागलेला. वर्गात त्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटायचं. मुलांना त्याची आखूड वाक्यं आवडायची. परीक्षेत ती पटकन आठवायची. तरी वर्षाकाठी एखादं निनावी पत्र प्राचार्यांकडे यायचंच. बहिणीच्या अकलेवर प्राध्यापक झालेला माणूस, असा त्याचा मजकूर.

"दादा, सगळ्यात पहिला तू बसायचं," पद्मजा म्हणाली.

"नको," श्रेणिक म्हणाला.

त्याचं बोलणं इथं सलग लिहिलंय, पण प्रत्येक पूर्णविरामापाशी वाचणाऱ्यानं मोठा श्वास घेऊन थांबावं, म्हणजे अंदाज येईल.

"नको काय? घाबरतोस होय पट्ट्याला?"

"मला सक्ती नाही. तूच लिहिलंस."

"सक्ती नाही म्हणूनच तर. आपणहून गेलास की सगळ्यांची बोलती बंद. ती पत्रंपण बंद."

"पत्रांची सवय झाली."

"मला नाही झाली."

"कुठले पेपर?"

"एम.ए., बी.ए. आणि बारावीचा मराठीचा. दहावी-बारावीचे बाकीचे बोर्डानं कधीच रद्दीत काढले. हा एक आपण छायाप्रत मागवली म्हणून राहिलाय."

"बारावी नको."

"अरे, तोच तर मुख्य. त्याच्यावरनंच बोलतात ना लोक."

श्रेणिकनं भिंतीवरच्या कात्रणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती पट्टा दोन्ही हातांत धरून उभी होती. लहानपणी दिवाळीचा फ्रॉक पहिल्यांदा त्याला दाखवायला यायची, तसा तिचा चेहरा झाला होता.

"तुला बरं वाटेल?"

"वाटेल म्हणजे काय, दादा. तुझ्यासाठीच तर केलंय सगळं."

"मग बसतो."

आतून सुमतीबाईंनी जेवायला हाक मारली. मगदूम जैन, त्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. जेवताना पद्मजा एकटीच बोलत होती. भाऊ लाजतोय असं समजून ती त्याला चिडवतही होती.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या संस्थेतल्या सभागृहात सकाळी अकराला सगळे जमले. समितीचे अध्यक्ष देवस्थळी, दोन सदस्य, आणि पद्मजानं स्वतः फोन करून बोलावलेले तीन पत्रकार. सुमतीबाई ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

आधी एम.ए.चा पेपर. यंत्र वाचत होतं आणि रेघ प्रत्येक शब्दाच्या आधी उठत होती. उगमांक त्र्याण्णव. मग बी.ए., पंच्याण्णव. त्या परीक्षांना विद्यापीठानं दिलेले परके लेखनिक होते. त्यांना घाई नव्हती आणि प्रेमही नव्हतं. सांगितलं तेवढं त्यांनी लिहिलं. जादा वेळ शेवटच्या मिनिटापर्यंत वापरला होता, आणि मार्क बेताचे पडले होते. एक पत्रकार टाळ्या वाजवायला लागला, देवस्थळींनी त्याला हातानं थांबवलं.

मग बारावी, मराठी. यंत्रानं निबंध वाचायला घेतला. "महापुराचे पाणी ओसरले आणि उद्ध्वस्त घरादारांवर जणू दुःखाची काळी चादर पसरली."

रेघ हलली नाही.

"पट्टा सैल झालाय," पद्मजा पत्रकारांकडे बघून म्हणाली. तिनं तो आवळला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. रेघ आखल्यासारखी सरळ गेली. तिनं संवेदकांना नव्यानं जेल लावलं, एक तार बदलली, घाम पुसला. "निसर्गापुढे मानव किती खुजा आहे, याची प्रखर जाणीव त्या दिवशी मला झाली," यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

"पद्मा," श्रेणिक म्हणाला. "पट्टा ठीक आहे."

सभागृहात ते फक्त तिला आणि आईला समजलं.

अख्ख्या पेपराचा उगमांक निघाला एकतीस. निबंधाचा चार.

पद्मजाला आधी यंत्राचा संताप आला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की यंत्र निबंध वाचत होतं तेव्हा पुढचा शब्द तिच्याच ओठांवर आधी येत होता. वाक्यं तिची होती. तिनं फसवलं नव्हतं. आपण फसवतोय असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. तो बोलायचा, ती ऐकायची, आणि लिहिता लिहिता नीट करायची. घराबाहेर पडताना त्याची कॉलर नीट करायची, तसंच ते तिच्या हातून व्हायचं. अठरा वर्षं ती शपथेवर सांगू शकली असती, की मी दादाचा शब्द न शब्द लिहिला.

"मी वेगळं सांगितलं होतं," श्रेणिक म्हणाला. "ते आत्ता लिही. आहे तसं."

ती संगणकापाशी बसली. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. अकरा मिनिटं लागली. पडद्यावर जे उमटलं ते एवढंच होतं:

"पाणी गेलं. चिखल राहिला. आई भांडी धुते. पद्मा पुस्तकं वाळत घालते. मी खुर्चीवर. मला कुणी काम सांगत नाही. मी चिखलाकडे बघतो. चिखलात माझी चप्पल सापडली. ती चार वर्षांची आहे. तरी नवी आहे. मी चालत नाही. म्हणून ती झिजत नाही. आज ती पहिल्यांदा मळली. आई ती धुवायला लागली. मी म्हटलं, राहू दे."

चप्पल. पद्मजाला ते आठवलं. परीक्षेच्या त्या खोलीत तो चपलेचं काहीतरी म्हणाला होता, आणि बोर्डाच्या निबंधात चपलेचं काय लिहायचं, म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

यंत्रानं ही वाक्यं त्याला परत ऐकवली. रेघ प्रत्येक शब्दाच्या आधी उठली, आणि टोकदार नाही, पसरट उठली. आत्ता रचलेलं नव्हतं ते, अठरा वर्षं आत पडून होतं. उगमांक अठ्ठ्याण्णव. एवढा आकडा पद्मजानं कुणाचाच पाहिला नव्हता.

"सर, बघा," ती देवस्थळींकडे धावली. "निबंध त्याचाच होता. याहून चांगला होता. मी बिघडवला. शिक्षा मला द्या."

देवस्थळी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि मगच बोलले. "मॅडम, नियम उत्तरपत्रिकेतल्या वाक्यांचा आहे. ही वाक्यं उत्तरपत्रिकेत नाहीत."

"त्या वर्षी त्या हॉलमधल्या निम्म्या मुलांनी गाईडमधला निबंध पाठ करून लिहिला होता. आजही लिहितात. त्यांना बांधा की पट्टा. कुणाचा निघतोय साठ ते बघू."

"त्यांनी सवलत मागितली नव्हती," देवस्थळी म्हणाले.

सवलत. नियमाप्रमाणे मिळालेला तो जादा तास पेपर संपल्यावर पर्यवेक्षकांच्या टेबलावर तसाच पडून राहिला होता. तो घेतला असता तर अकरा मिनिटांत चप्पल लिहून झाली असती, आणि एकोणपन्नास मिनिटं उरली असती. पण ज्यानं मागितलं त्यानंच सिद्ध करायचं, आणि पाठ केलेलं ओकणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, असा हा न्याय होता, आणि त्याची कलमं पद्मजानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. पहिल्या रांगेत सुमतीबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांना आकडे कळले नव्हते, पण पोरीचा चेहरा कळत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, बहिणीच्या यंत्रानं भावाला पकडलं. तीन आठवड्यांत बारावी बाद झाली, तिच्या पाठोपाठ बी.ए. आणि एम.ए. पंच्याण्णव नि त्र्याण्णवचे उगमांक कागदावर तसेच राहिले, त्यांच्याखालची पायरीच काढून घेतली होती. पद्मजानं मंत्रालयापर्यंत जिवाचं रान केलं. सगळीकडे तिला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, आणि तिच्याच सहीचा नियम वाचून दाखवण्यात आला. शेवटी कॉलेजनं श्रेणिकला पत्र पाठवलं. कारवाई होण्याआधी आपणहून राजीनामा दिलात तर बरं, असं प्राचार्यांनी त्यात सभ्य भाषेत कळवलं होतं.

ती घरी आली तेव्हा दुपार कलत होती. श्रेणिक खिडकीपाशी खुर्चीत होता. कात्रण भिंतीवर तसंच होतं. सुमतीबाई त्याच्याखाली उभ्या होत्या.

"हे काढून ठेवू का रं श्रेणिक?" त्यांनी विचारलं.

"राहू दे. चांगलं लिहिलंय तिनं."

पद्मजाला तिथं उभं राहवेना. ती त्याच्या पायांपाशी जमिनीवर बसली. "मला का सांगितलं नाहीस, दादा?"

"सांगितलं होतं. पेपरातच. चप्पल. दोनदा म्हटलं."

"आणि लिहून झाल्यावर मी निबंध वाचून दाखवला तेव्हा?"

"तू किती खुशीत वाचत होतीस. घड्याळात पाच मिनिटं राहिली होती."

"पुढं एक तास होता की आपल्याला."

"होता. पण आई गेटपाशी उभी होती. आपण वेळेत बाहेर येतो म्हणून."

सुमतीबाई हळूच आत गेल्या. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला नाही, नुसत्याच त्या तिथं उभ्या असाव्यात.

"नंतर लोक म्हणायला लागले. बहिणीनं लिहिलं," श्रेणिक म्हणाला. "मी काय बोलणार? ते खरं होतं. आणि तू माझ्यासाठी भांडत होतीस. सगळ्यांशी."

"मग त्या दिवशी कशाला बसलास? नाही म्हणायचंस. माझ्या मुस्काटात मारायचीस."

त्याला हसू आलं, आणि ते आवरेपर्यंत ती थांबली. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला मध्ये तोडलं नाही.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं तू यंत्र केलंस. माझं काय, ते ओळखणारं. मला बघायचं होतं. त्याला तरी ऐकू येतं का."

पद्मजानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. त्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचल्यावर तो थोपटायच्या ऐवजी जरा जोरातच आपटला. नेहमीच तसा आपटायचा.

"कागद घे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "राजीनामा लिहायचाय."

"वर्गात वापरतोस त्या यंत्रावर बोल ना. ते लिहील की बरोबर."

"यंत्र नको. तू." मग त्याच्या डोळ्यांत जुनी खोडी आली. "पण तू नियमात बसत नाहीस. लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो. मी आता दहावी पास. तू डॉक्टर."

"दादा, गप की रे."

"चालवून घेऊ. लिही."

ती टेबलापाशी बसली. तो बोलायला लागला. पहिल्याच शब्दाला तिचा हात सवयीनं 'सविनय' लिहायला गेला आणि तिनं तो मागं घेतला. तो एकेक शब्द वर आणत होता, आणि ती पेन कागदावर टेकवून वाट बघत होती. पुढचा शब्द काय असेल ते तिला दर वेळी कळल्यासारखं वाटायचं, आणि निम्म्या वेळा दुसराच यायचा. आयुष्यभर किती वेळा असा दुसराच आला असेल, आणि आपण आपलाच लिहून मोकळे झालो असू, याचा हिशेब तिला लागेना.

एका वाक्यापाशी तिचं पेन थांबलं. तिला ते लिहवेना. श्रेणिकही थांबला. त्यानं वाक्य बदललं नाही, पुन्हाही म्हटलं नाही, नुसता बघत राहिला. तिनं ते लिहिलं.

बाहेर ऊन पिवळं झालं. सुमतीबाई दारात आल्या. पानं घेतली होती, सूर्य टेकायला आला होता. त्यांनी कागदाकडे पाहिलं, लेकाच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं, बाहेर आभाळाकडे पाहिलं.

"होऊ दे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी हाय इथंच."

आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. सूर्य गेला. त्या दिवशी मगदूमांच्या घरी कुणी जेवलं नाही.

"झालं," श्रेणिक म्हणाला. "वाच."

लेखनिकानं लिहिलेलं वाचून दाखवायचं, हाही नियमच. पद्मजानं कागद उचलला आणि ती वाचायला लागली.

"प्राचार्यांना. मी काम सोडतो. मी चोरी केली नाही. मी बोललो ते लिहिलं गेलं नाही. मला ते माहीत होतं. मी सांगितलं नाही. लिहिणारी माझी बहीण होती. ती तेव्हा लहान होती. तिनं प्रेमानं लिहिलं. मला त्याचा त्रास झाला. दोन्ही खरं आहे. माझ्या नोट्स मुलांना द्या. त्या माझ्या आहेत. श्रेणिक मगदूम."

मध्येच कुठंतरी तिनं कागदावरून नजर वर केली होती. पट्टा नव्हता, पडदा नव्हता, रेघ नव्हती. पण ती शब्द उच्चारायच्या जराशी आधी, प्रत्येक शब्दाच्या आधी, श्रेणिकचे ओठ हलत होते. अठरा वर्षांपूर्वी त्या खोलीत निबंध वाचून दाखवताना तिनं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं असतं, तर ते मिटलेले तिला दिसले असते.